बायपॅप घरी आलं, आता पुढं बघायचं कुणी?

नागरगाळी_फाटा · रविवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे आप्पा, वय ६६. उभं आयुष्य खानापूर तालुक्यात विटा-कौलांच्या भट्टीवर गेलं, जोडीला रोज बिडीचं एक बंडल. सहा-सात वर्षं झाली दम लागतोय. पंप घेतात, म्हणजे घेतल्यासारखं करतात. गणपतीनंतर छातीत कफ भरला आणि एका सकाळी ते उठेनात. हाक मारली की डोळे उघडायचे, 'आलो आलो' म्हणायचे आणि परत घोरायला लागायचे. बेळगावला नेलं. रक्तात कार्बन डायऑक्साइड ८२ निघाला. ३५ ते ४५ असायला पाहिजे म्हणे. अकरा दिवस ॲडमिट, त्यातले पाच आयसीयूत, तोंडावर मास्क आवळून. घशात नळी घालायची वेळ आली नाही, तेवढं नशीब.

सुट्टी देताना कागदावर लिहिलंय: क्रॉनिक रेस्पिरेटरी फेल्युअर, रात्री घरी बायपॅप (मास्कमधनं दाबानं हवा देणारं मशीन), ऑक्सिजन मिनिटाला १ ते २ लिटर, दीड महिन्यानं दाखवणे. दुकानातला पोरगा मशीन आणि हवेतनं ऑक्सिजन काढणारा कॉन्सन्ट्रेटर घेऊन गावात आला. वीस मिनिटांत सगळं जोडलं, आप्पांच्या तोंडाला मास्क बांधून एक फोटो काढला, चहा घेतला आणि गेला.

आता रोज रात्री कुस्ती. आप्पा त्याला 'सोंड' म्हणतात आणि दोन वाजता ओढून टाकतात. सकाळी डोकं धरून बसतात. गावातले डॉक्टर म्हणतात हे मोठ्या दवाखान्याचं काम. मोठ्या दवाखान्यात फोन केला तर म्हणतात मशीनचं दुकानवाल्याला विचारा. दुकानवाला म्हणतो डॉक्टरांनी लिहिलंय तसंच लावलंय.

तर अशा पेशंटचं घरी आल्यावर नेमकं कोण बघतं? बेळगावात अशी ओपीडी असते काय? की कोल्हापूर, मिरज, गोवा गाठायचं? अनुभव सांगा. औषधं सांगू नका, ती खोक्यानं आहेत.


शहापूरचा_माग · रविवार, रात्री १०.०५

आमच्या आईचं दोन वर्षं हेच चाललंय. तिचा आजार वेगळा, तरुणपणी टीबी होऊन गेला, बरा झाला, खरं एक फुप्फुस चुरगळून गेलं. वरनं घरात माग, सुताची धूळ. ऑक्सिजन तिला दिवसाला १६ तास.

ओपीडीचं जाणकार सांगतीलच, मी विजेचं सांगतो. कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅटचा. १६ तास चालला की रोज साडेपाच युनिट, महिन्याला १६५-१७०. कर्नाटकच्या फुकट विजेच्या गृहज्योती योजनेत तुमच्या आधीच्या सरासरीवर हिशेब बांधलेला असतो, आणि २०० युनिटच्या वर गेला की सगळं बिल तुमचं. आमचं पहिल्याच महिन्यात गेलं. फुकट असलेली वीज आईच्या नाकात गेली असं बाबा म्हणतात. मनावर घेऊ नका, त्यांची बोलायची पद्धतच तशी.


मांडे_आणि_तूप · रविवार, रात्री १०.१२

मृग नक्षत्राला हैदराबादला नेऊन मासा गिळवा. आमच्या आज्जानं तीन वर्षं गिळला.


लोंढा_जंक्शन · रविवार, रात्री १०.१५

@मांडे, मग गुण आला काय?


मांडे_आणि_तूप · रविवार, रात्री १०.१६

माशाला नाही.


मिरजेची_सिस्टर · रविवार, रात्री ११.४०

ड्यूटीवरून आत्ता आले. मी चौदा वर्षं आयसीयूत आहे, त्यातली बरीच छातीच्या पेशंटांसोबत. इथं बसून उपचार सांगणार नाही, पण तुमच्या पोस्टमधल्या दोन गोष्टी मला खटकल्या.

एक, सकाळचं डोकं दुखणं. रात्री सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, साठला की सकाळी डोकं जड होतं, दिवसा गुंगी येते, माणूस विसरल्यासारखं करतो, हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. बायपॅप नीट चालत असेल तर हे कमी व्हायला हवं. होत नसेल तर मास्क गळतोय, तास कमी पडतायत किंवा प्रेशर पुरत नाही. आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर सीओटू दिसत नाही हे पक्कं लक्षात ठेवा. ९५ बघून घरचे खूश, आणि आत ८० साठलेला, असे पेशंट मी किती बघितलेत. त्यासाठी मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजीच करावी लागते.

दुसरी गोष्ट, दीड महिन्यानं दाखवा. ॲडमिट होऊन आलेल्या माणसाची एबीजी दोन ते चार आठवड्यांत परत व्हायला हवी. कायम बायपॅप लागणार की नाही ते तेव्हा कळतं.

सुट्टीच्या कागदावर बायपॅपच्या पुढे आकडे लिहिलेत का? आयपॅप (श्वास घेतानाचा दाब), ईपॅप (सोडतानाचा दाब), रेट (मिनिटाला किती श्वास)? आणि मशीनचा समोरून एक फोटो टाका. आप्पांचं नाव झाकून.


ढोल_पथक · सोमवार, सकाळी ७.३०

एवढं किचकट काही नसतंय. माझ्या सासऱ्यांना पण हेच. दम लागला की आम्ही कॉन्सन्ट्रेटर ४ वर करतो, दहा मिनिटांत गार पडतात, झोप लागते. ऑक्सिजननं कधी कुणाचं वाईट झालंय काय? करोनात त्याच्यासाठी लोक रडले.


निपाणीची_अक्का · सोमवार, सकाळी ८.१०

@ढोल_पथक, भाऊ, 'झोप लागते' हे वाचून अंगावर काटा आला. म्हणून लिहिते.

माझ्या आईनं आयुष्यात बिडी ओढली नाही, वळल्या मात्र लाखो. निपाणीत आमच्या गल्लीत घरटी एक सूप आणि एक कात्री. घरात तंबाखूचा खकाणा, आणि स्वयंपाक चुलीवर, ओल्या लाकडावर. तिला डॉक्टरांनी सांगितलं की बिडी ओढणाऱ्याला होतो तोच आजार आहे, तेव्हा ती म्हणाली, 'लोकांनी ओढली ती माझ्या छातीत कशी गेली?'

तिला रात्री झोप यायची नाही. उठून बसायची, बोलत राहायची. आम्ही औषधाच्या दुकानातनं झोपेची गोळी आणली. अर्धीच दिली. वर ऑक्सिजन वाढवून ३ केला, म्हटलं माउलीला आराम पडू दे. सकाळी सात वाजता गाढ. ऑक्सिमीटरवर ९७. आम्ही म्हणतोय किती दिवसांनी नीट झोपली! दहा वाजता चहासाठी हलवलं तर मान टाकली. सीओटू ११० च्या वर गेला होता. वाचली, खरं त्या तीन तासांचा विचार करून मी अजून रात्री दचकून उठते.


मिरजेची_सिस्टर · सोमवार, दुपारी २.३०

अक्का, लिहिलंत ते बरं केलंत. दोष लावून घेऊ नका, रोज एखाद्या घरात हे होतं.

@ढोल_पथक, करोनातला पेशंट वेगळा. त्यांचं फुप्फुस ऑक्सिजन आत घेऊ शकत नव्हतं, पण सीओटू बहुतेकांचा बाहेर पडत होता. सीओटू साठणाऱ्या जुन्या दम्याच्या, म्हणजे सीओपीडीच्या (धुरा-धुळीनं श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या) माणसाला जादा ऑक्सिजन दिला की तीन गोष्टी होतात: रक्त फुप्फुसाच्या बिघडलेल्या भागाकडं वळतं, हिमोग्लोबिन धरून ठेवलेला सीओटू सोडून देतं आणि श्वास थोडा मंदावतो. म्हणून अशांचा ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांमध्ये ठेवायचा असतो. ९२ च्या वर गेला तर आनंद मानायचा नाही, लिटर कमी करायचे. आणि आधी डॉक्टरांना विचारायचं. तुमच्या सासऱ्यांची एबीजी कधी झाली आहे का?


ढोल_पथक · सोमवार, दुपारी ३.०५

नाही. कुणी सांगितलीच नाही.

२ वर आणला. विचारतो.


नागरगाळी_फाटा · सोमवार, रात्री ८.५०

सिस्टर, फोटो टाकलाय. कागदावर लिहिलंय: बायपॅप एस-टी मोड, आयपॅप १८, ईपॅप ५, रेट १४. मशीनवर मात्र एकच आकडा दिसतोय, १०. दुसरा कुठं दिसत नाही. बटण दाबून बघायची भीती वाटते.


मिरजेची_सिस्टर · सोमवार, रात्री ९.१५

हे बायपॅप नाही. हे सीपॅप आहे.


लोंढा_जंक्शन · सोमवार, रात्री ९.१६

आई शप्पथ.


मिरजेची_सिस्टर · सोमवार, रात्री ९.३०

सगळ्यांना कळावं म्हणून सांगते. सीपॅप एकाच दाबाची हवा सोडतं. घोरणाऱ्याचा, झोपेत गळा बंद होणाऱ्याचा रस्ता उघडा ठेवायला ते उत्तम. बायपॅप श्वास घेताना दाब वाढवतं आणि सोडताना कमी करतं. कागदावरच्या १८ आणि ५ मधला तो १३ चा फरकच दमलेल्या छातीचं काम करतो, आणि तोच सीओटू बाहेर काढतो. रेट १४ म्हणजे माणूस श्वास घ्यायला विसरला तर मशीन आठवण करून देतं. तुमच्याकडं ना फरक आहे, ना रेट. वरनं आत १ लिटर ऑक्सिजन सोडलाय.

दिसायला दोन्ही डबे सारखेच असतात, किंमत मात्र सारखी नसते. बिल काढून बघा कशाचं लावलंय. आणि उद्याच मशीन, मास्क, नळी, बिल, सुट्टीचा कागद, सगळं एका पिशवीत घालून चेस्टच्या ओपीडीत जा. फोनवर विचारू नका, टेबलावर मशीन ठेवा. आप्पांना जास्त गुंगी वाटली तर ओपीडीची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी.


शहापूरचा_माग · सोमवार, रात्री ९.४५

बिलावर काय निघालं?


नागरगाळी_फाटा · सोमवार, रात्री १०.१०

बायपॅप. ५८ हजार.

आप्पांना अजून सांगितलं नाही. पहाटेच्या बसनं निघतोय.


मास्तर_नंदगड · मंगळवार, सकाळी ९.००

दुकानदाराला धरूच, आधी माणूस बघू. नागरगाळी, पोचलास की कळव.

तोवर थोडा इतिहास, निवृत्त मास्तराची खोड म्हणा. दाब देऊन श्वास देणं आज साधं वाटतं. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली. लोखंडी फुप्फुस म्हणायचे ती अवजड पेटी, माणूस मानेपर्यंत तिच्यात झोपायचा, ती मोजकीच होती. ब्योर्न इब्सेन नावाच्या भुलतज्ज्ञानं गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी दाबून हवा आत ढकलली. मशीन नाही म्हटल्यावर पिशवी दाबणार कोण? मेडिकलची पोरं. पाळ्या लावून, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे, हातानं. आजचं आयसीयू त्यातनं उभं राहिलं. म्हणजे मशीनच्या आधी शेजारी बसणारा माणूस होता, आणि आपल्याकडं आता डबा आला आणि माणूसच गायब झाला.


मांडे_आणि_तूप · मंगळवार, सकाळी ९.४०

मास्तर, तुमच्या तासाला झोप येत नव्हती, हे सीओटू नसल्याचं लक्षण.


हिंडलग्याची_वैनी · मंगळवार, सकाळी ११.२०

थोडं अवांतर. दवाखान्यात भाषेचं कसं निभावता? आमच्या मामंजींना कानडी जेमतेम. गेल्या खेपेला फुंकायची टेस्ट होती. टेक्निशियन बिचारा चांगला, जोरजोरात सांगायला लागला, 'उसिरु तगोरी... तगोरी... हां, बिड्री! बिड्री!' मामंजींनी नळी तोंडातनं काढली आणि हात जोडून म्हणाले, 'सोडली हो साहेब, दोन वर्षं झाली, देवाशप्पथ!'

बिड्री म्हणजे सोडा, श्वास सोडा. यांना ऐकू आली बिडी. टेस्ट तीनदा घ्यावी लागली. दोनदा तो टेक्निशियनच हसत होता.


लोंढा_जंक्शन · मंगळवार, सकाळी ११.३१

आमच्या तालुक्यात बिडी नावाचं गावच आहे. तिथल्या माणसाला डॉक्टरांनी विचारलं, 'बिडी?' तर तो म्हणाला, 'होय, जन्मापासून.'


चाकाची_खुर्ची · मंगळवार, दुपारी १.१५

दम्यावर चर्चा चाललीय, म्हणून वेगळ्या बाजूचं सांगतो. माझा धाकटा भाऊ, २३ वर्षांचा, ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. फुप्फुस चांगलं आहे, ते चालवणारे स्नायू गेलेत. अशांना दम लागल्याचं कळतच नाही, कारण ते पळत नाहीत, जिने चढत नाहीत. आमच्याकडं सुरुवात झाली ती सकाळी न जेवण्यापासून, डोकं दुखण्यापासून आणि रात्रीत दहा-दहा वेळा 'कूस बदल' म्हणण्यापासून. आम्ही समजलो हट्टी झालाय.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बंगळूरला, निम्हान्सच्या दवाखान्यात नेलं. तिथं कळलं, बसून आणि झोपून दोन्ही तऱ्हेनं फुंकून बघायचं असतं. झोपल्यावर आकडा एकदम पडला तर छातीखालचा श्वासाचा पडदा दमलाय. आता रात्री बायपॅप, आणि दिवसातनं तीनदा अंबू बॅगनं (हातानं दाबायच्या हवेच्या पिशवीनं) श्वासावर श्वास भरून जोरात खोकायला लावायचं. आईला ते येतं. मला येतं. तिसरं कुणाला येत नाही, म्हणून आम्ही दोघं एकदम कुठल्या लग्नाला जात नाही.

गावात एकदा ताप आला तेव्हा तपासणाऱ्यांनी आधी ऑक्सिजनच लावला. त्याला गरज होती हवा आत ढकलायची. आता कागद लॅमिनेट करून खुर्चीच्या पाठीला बांधलाय.


टेम्सकाठची_बेळगावकर · मंगळवार, दुपारी ४.५०

मूळची अनगोळची, सध्या लंडनला नर्स. इथं सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये लेन फॉक्स युनिट आहे, घरी व्हेंटिलेटरवर राहणाऱ्यांसाठीचं. मुळात पोलिओतून वाचलेल्यांसाठी सुरू झालं, आणि नावही पोलिओ झालेल्या एका बाईंचं आहे. अशा युनिटात मशीन पेशंटचं नसतं, दवाखान्याचं असतं. मास्क नर्स निवडते, चार प्रकार तोंडावर लावून बघून. मशीनमधली माहिती काढून बघतात: किती तास वापरलं, किती गळती झाली. बिघडलं तर फोन करायचा एकच नंबर.

सिस्टरनी म्हटलेल्या दोन ते चार आठवड्यांमागं एक अभ्यास आहे, ब्रिटनमध्येच झालेला, २०१७ साली छापून आला. ॲडमिट होऊन गेल्यावर दोन ते चार आठवड्यांनीही ज्यांचा सीओटू ५३ च्या वर राहिला, अशांना घरी ऑक्सिजनसोबत बायपॅपसारखं मशीन दिलं. नुसत्या ऑक्सिजनवर परत ॲडमिट व्हायला किंवा दगावायला मध्यात १.४ महिने लागले, मशीनसोबत ४.३ महिने. पण ते मशीन नीट दाबावर लावलेलं आणि पाठपुरावा असलेलं. नुसतं घरात ठेवलेलं नव्हे.


ढोल_पथक · मंगळवार, संध्याकाळी ६.२०

लंडनचं ठीक आहे. आमच्याकडं पाऊस लागला की जांबोटी-कणकुंबीकडं दोन-दोन दिवस करंट नसतो. तेव्हा तुमची ती एक नंबरची लाइन काय करणार?


शहापूरचा_माग · मंगळवार, संध्याकाळी ७.००

@ढोल_पथक, आता रास्त बोललास. हिशेब घे. १५० अँपिअरच्या बॅटरीवर कॉन्सन्ट्रेटर फार तर तीन-साडेतीन तास. तीच बॅटरी नुसत्या बायपॅपला रात्रभर पुरते, त्याचा गरम पाण्याचा डबा बंद ठेवला तर. म्हणून इन्व्हर्टरवर बायपॅप, आणि ऑक्सिजनला सिलिंडर. जंबोत ७००० लिटर असतो, २ लिटरनं ३५ तास.


मास्तर_नंदगड · मंगळवार, संध्याकाळी ७.१२

७००० भागिले २, म्हणजे ३५०० मिनिटं. तास ५८. उभा राहा बाकावर.


शहापूरचा_माग · मंगळवार, संध्याकाळी ७.१५

राहिलो. लहान १५०० लिटरचा साडेबारा तास, हे तरी बरोबर ना मास्तर?

आणखी एक. करोनात मंडळांना, तरुण संघांना मिळालेले कॉन्सन्ट्रेटर अजून गल्लोगल्ली खोलीत पडून आहेत. फुकट मिळतोय म्हणून उचलू नका. आत दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरतात. तीन पावसाळे बंद पडलेल्या डब्यात ते ओल धरतात, मग बाहेर पडते ती जवळजवळ साधी हवा. आवाज तेवढाच. कुणाकडून तरी शुद्धता मोजून घ्या, ९० च्या वर पाहिजे.


निपाणीची_अक्का · मंगळवार, रात्री ८.३०

आणि देवघर! ऑक्सिजनची नळी लावून आई निरांजन ओवाळायला उठली होती. मी किंचाळले. आता आरती माझ्याकडं, ती लांबून टाळ्या वाजवते. उदबत्तीही बंद, धुरासाठी. आमच्या ओळखीच्या एका काकांनी नळी नाकात असताना गुपचूप बिडी पेटवली, अर्धी मिशी आणि नाकाचा शेंडा गेला. नाकाला व्हॅसलीन लावायचं नाही, तेही याच कारणासाठी.


सीमेवरचा · मंगळवार, रात्री ९.४०

पैशाचं कुणीच बोलेना. कर्नाटकची आयुष्मान आरोग्य योजना आहे, आणि २०२३ पासून महाराष्ट्रानं सीमाभागातल्या आपल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केलीय. आमच्या वडिलांचं ॲडमिट असतानाचं योजनेतनं झालं. घरचं मशीन, मास्क, वीज, सिलिंडर, हे खिशातनं. दोन राज्यं आमच्यावरनं भांडायलेत आणि मास्कचा पट्टा आम्ही रबरबँडनं बांधायलोय.


लोंढा_जंक्शन · मंगळवार, रात्री ९.५०

धागा आता सुप्रीम कोर्टात जाणार.


कृष्णाकाठ · मंगळवार, रात्री ११.५५

सगळे मशीनबद्दल बोलतायत. एक बोलायचं नसलेलं बोलतो.

आमच्या आईचं शेवटचं वर्ष बायपॅपवर गेलं. दिवसातले अठरा तास. चौथ्यांदा ॲडमिट व्हायच्या आधी तिनं मला शेजारी बसवून सांगितलं, घशात नळी घालायची नाही. मी चिडलो. मग एका डॉक्टरीणबाईंनी तासभर बसून समजावलं की नळी घातल्यावर ती निघेलच असं या अवस्थेत सांगता येत नाही. दम कमी वाटावा म्हणून मॉर्फिन अगदी थोडं दिलं, खिडकी उघडली, तोंडावर टेबलफॅन सोडला. फॅनचा फायदा खरंच होतो, हसू नका. असं आधी लिहून ठेवता येतं, सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१८ चा आहे, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकनं त्याचा आदेशही काढला. आमच्या वेळी कागद नव्हता. नुसता तिचा शब्द होता, आणि भावाला तो पटेपर्यंत दोन दिवस गेले.

नागरगाळी, तुमच्या आप्पांची ही वेळ नाही. धाग्यात नोंद असावी म्हणून लिहिलं.


हिंडलग्याची_वैनी · बुधवार, सकाळी ७.१०

🙏


नागरगाळी_फाटा · बुधवार, रात्री १०.३०

मंडळी, कालचा दिवस दवाखान्यात गेला, आज परत आलो. चेस्टच्या ओपीडीत मशीन टेबलावर ठेवलं. डॉक्टर बघतच राहिले. एबीजीत सीओटू ६९. ॲडमिट करून घेतलं नाही, खरं चार तास तिथंच बसवून त्यांच्या बायपॅपवर ठेवलं आणि आप्पांनी ते चार तास मास्क काढला नाही! म्हणाले, 'ही सोंड ढकलते, ती नुसती फुंकायची.' एवढं तर आम्हाला दहा दिवसांत कळलं नव्हतं.

दुकानवाल्यानं आधी 'तेच असतंय' म्हणून बघितलं. डॉक्टरांनी फोन घेतल्यावर मशीन बदलून द्यायला तयार झाला.


नागरगाळी_फाटा · तीन आठवड्यांनंतर, शनिवार

धागा वर काढतोय.

सीओटू ५४. आधी दिवसा जेवल्यावर टीव्हीसमोर अर्धा तास मास्क, मग तास, मग रात्र, असं करत आता सहा तास होतात. गळती कशामुळं होती सांगू? मिशी. पिळदार होती, गावात नाव होतं. सिस्टरनी (तिथल्या, मिरजेच्या नव्हे) कात्री पुढं केली तेव्हा आप्पांनी ८२ चा आकडा ऐकला तेव्हाही केलं नव्हतं तसं तोंड केलं. भादरली. नाकाच्या हाडावर फोड आला होता, तिथं पट्टी लावून मास्कचं माप बदललं. कवळी काढली की मास्क ढिला व्हायचा, म्हणून आता मास्कवेळी कवळी तोंडात.

दिवसाचा ऑक्सिजन चालू ठेवायचा की नाही ते दोन महिन्यांनी परत तपासून ठरवणार. काही जणांचा सुटतो म्हणे.

मूळ प्रश्नाचं म्हणाल तर बेळगावात 'घरच्या व्हेंटिलेटरची ओपीडी' अशी पाटी मला कुठं दिसली नाही. एक डॉक्टर आणि एक सिस्टर सापडल्या, ज्या मशीनची पिशवी घेऊन आलेल्याला परत पाठवत नाहीत. त्यांनी एक वही दिलीय: तास, मास्क, सकाळचं डोकं, पायाची सूज. आप्पांची पोरगी म्हणजे माझी आक्का ती रोज भरते आणि महिन्यातनं एकदा आम्ही पिशवीसकट जातो.

चाकाची_खुर्चीचं बघून आम्हीही कार्ड केलं, १०८ वाल्यांना दाखवायला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. शेजारच्या पाटलांच्या सुनेनं कानडीतनं सांगितलं: 'ऑक्सिजन ८८ रिंद ९२ रोळग इड्री.' आप्पांचं पाठ झालंय. इड्री म्हणजे ठेवा, बिड्री म्हणजे सोडा, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवायलेत.


मांडे_आणि_तूप · शनिवार

आधीच्या मिशीचा फोटो टाका, श्रद्धांजली वाहतो.


ढोल_पथक · शनिवार

सासऱ्यांची एबीजी केली. ६३ आली. सिस्टर, तुमच्याशी भांडलो त्याबद्दल माफी. सोमवारी दाखवतोय.


संकेश्वर_नवीन · शनिवार, रात्री

मी आत्ताच सभासद झाले. पूर्ण धागा वाचला आणि उठून सासूबाईंच्या मशीनकडं जाऊन बघितलं. कागदावर दोन आकडे आहेत. मशीनवर एकच आहे, १२. फोटो कुणाला पाठवू?


मिरजेची_सिस्टर · शनिवार, रात्री

इथंच टाका. नाव झाकून. आणि सकाळी त्यांचं डोकं दुखतं का, ते आधी सांगा.